शाळेचे मैदान झाकायचे? आधी जमीन, मग वारा, मग पत्रा



आज पिकाची गोष्ट नाही. पण माती आहे, दहिवर आहे, वारा आहे आणि पत्राही आहे. तेव्हा विषय आपल्या शिवाराबाहेरचा आहे असे समजून पान उलटू नका.

झाले असे. गेल्या आठवड्यात हळदीवरच्या करप्याची चौकशी करायला वसमतच्या बाजूचे चार शेतकरी माझ्याकडे आले. करप्याचे बोलणे संपले, चहा झाला, तरी मंडळी उठेनात. शेवटी त्यातल्या वडीलधाऱ्याने विषय काढला. ते गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. म्हणाले, "साहेब, पोरं-पोरी कबड्डी अन् खो-खो चांगलं खेळतात. पण थंडीत सकाळी मैदान दहिवरानं ओलं असतं. परवा एक पोरगी घसरली, मनगट मोडलं. गावातून वर्गणी निघतीय. मैदानावर शेड टाकावी म्हणतो. तुम्ही शेडनेट अन् पॉलीहाऊस दाखवता, मग हे बी तुम्हीच सांगा."

मी इंजिनिअर नाही आणि क्रीडाशिक्षकही नाही. पण तीस वर्षे काळ्या रानात फिरतो आहे. वाऱ्याने उडालेली शेडनेट पाहिली आहेत आणि भेगाळलेल्या भिंती पाहिल्या आहेत. त्या चौघांना जे सांगितले तेच आज सर्वांसाठी लिहितो, कारण असा विचार आता पुष्कळ गावांत चालू आहे.

हिवाळ्यात त्रास नेमका कशाचा?

औषध देण्याआधी रोग ओळखावा, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. थंड देशांत हिवाळ्यात मैदान झाकतात ते बर्फामुळे. तिकडे टेनिसच्या मैदानावर जाड कापडाचा मोठा फुगा उभा करतात. पंख्याने आत सतत हवा भरतात आणि त्या दाबावर छप्पर तोलून धरतात. आत खांब नाही, कैची नाही. ऐकायला नवल वाटते, पण पंखा थांबला की छप्पर खाली. आपल्याकडे विजेचे जे वेळापत्रक आहे ते पाहता फुगा दिवसा उभा आणि रात्री आडवा, असा प्रकार व्हायचा. शिवाय बर्फापुढे तोही टिकतोच असे नाही. अमेरिकेत मिनियापोलिस येथील प्रचंड स्टेडियमचे असेच हवेवर उभे असलेले छप्पर १२ डिसेंबर २०१० रोजी बर्फाच्या भाराने फाटून खाली आले.

आपल्याकडे बर्फ नाही. वसमतचा हिवाळा कोरडा आहे आणि दुपारचे ऊन तर हवेहवेसे वाटते. म्हणजे आपला त्रास निराळा आहे. तो चार गोष्टींचा. पहाटेचे दहिवर, उत्तरेकडून येणारा बोचरा वारा, काळ्या मातीच्या भेगा आणि धूळ, आणि चौथी गोष्ट म्हणजे लहान दिवस. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. शाळा सुटल्यावर खेळायला तासभर उजेड उरतो, एवढेच.

या चारांपैकी पत्र्याच्या शेडने नीट बरा होतो तो पहिला. दुसरा निम्मा बरा होतो. तिसरा शेडमुळे उलट वाढू शकतो. चौथ्यावर शेडचा काही इलाज नाही, उलट शेडखाली अंधार लवकर पडतो. म्हणून आधी विचार करा, मग वर्गणीची पावती फाडा.

दहिवराचे गणित

दहिवर आकाशातून पावसासारखे पडत नाही. निरभ्र रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडतात आणि हवेपेक्षा गार होतात. मग हवेतली वाफ त्यांच्यावर थेंब होऊन बसते. हे तुम्ही रोज पाहता. पहाटे बांधावरचे गवत ओलेचिंब असते, पण आंब्याच्या दाट झाडाखालचे कोरडे असते. झाडाला भिंती नसतात. तरीही खाली दहिवर नाही, कारण खालच्या जमिनीला आकाश दिसत नाही.

यातून एक मोलाची गोष्ट कळते. दहिवर टाळायला बंद खोली लागत नाही. जमीन आणि आकाश यांच्यात काहीतरी आड आले म्हणजे पुरे. ते पत्र्याचे छप्पर असेल, शेडनेट असेल, नाही तर रात्री जमिनीवर अंथरलेली ताडपत्रीसुद्धा असेल.

म्हणून सर्वांत स्वस्त उपाय पहिला सांगतो. मळणीच्या वेळी सोयाबीनच्या ढिगावर आपण ताडपत्री टाकतो, तशी रात्री मैदानावर अंथरावी. मोठ्या मुलांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मुलींचे १२ बाय ८ मीटर. भोवतालची थोडी जागा धरून १५ बाय १२ मीटर झाकले की काम झाले. एकच मोठी ताडपत्री घेऊ नका, पोरांना ती उचलवत नाही. चार तुकडे घ्या. संध्याकाळी अंथरा, कडेला वाळूच्या पिशव्या ठेवा आणि सकाळी सूर्य वर येताच उचलून दोरीवर वाळत टाका. उचलायला उशीर करू नये. हळदीच्या ढिगावर प्लॅस्टिक राहिले की खालून घाम सुटतो हे तुम्ही जाणता. मातीचेही तसेच आहे. जमिनीतली ओल ताडपत्रीच्या खालच्या अंगाला धरते आणि वरची माती चिकट होते.

दुसरा उपाय तर बिनपैशाचा. सरावाची वेळ बदला. पहाटे सहाला मैदानात उतरलेच पाहिजे असा नियम कोणी केलेला नाही. सुटीच्या दिवशी साडेआठ-नऊला जमीन सुकल्यावर सराव ठेवा. शाळेच्या दिवशी मुख्याध्यापकांशी बोलून खेळाचा तास दुपारच्या उन्हात घ्या. हिवाळ्याचे ऊन अंगाला चांगले. त्या उन्हावर पत्रा टाकून मुलांना सावलीत कुडकुडत बसवायचे, यात शहाणपण नाही.

आधी जमीन

आमचे वसमत म्हणजे काळे रान. ऊस, हळद, केळी या मातीने दिली. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले त्यातही या मातीचा वाटा आहे. पण जी माती पिकाला आई आहे, ती मैदानाला आणि इमारतीला सावत्र आई आहे. काळ्या मातीतला चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. पावसाळ्यात पाय रुततो आणि हिवाळा सरताना भेगा पडतात. भेगेत पाय अडकला की घोटा गेला.

म्हणून छपराचा खर्च करण्याआधी मैदानाचा बिछाना नीट करा. मैदानापुरती काळी माती एक फूटभर खोदून काढा. ती वाया जात नाही, मुरमाड रान असलेला शेतकरी आनंदाने घेऊन जाईल. खड्ड्यात मुरूम दोन थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी शिंपडा आणि रूळ फिरवा. एकदम सगळा मुरूम टाकून वरून रूळ फिरवला तर वरचे कवच घट्ट होते आणि खाली पोकळ राहते. सर्वांत वर दोन-तीन इंच चाळलेली तांबडी माती. माती चाळताना आळस करू नका. एक खडा एका गुडघ्याची कातडी काढतो. उघड्या मैदानाला मधून कडेकडे किंचित उतार ठेवा, शंभर फुटाला फूटभर पुरे, म्हणजे पाणी थांबत नाही.

आपल्याकडे कुस्तीच्या हौदातील मातीत हळद, ताक, तेल घालण्याची जुनी रीत आहे. एवढ्या मोठ्या मैदानाला ते परवडणार नाही. पण त्यातला मुद्दा ध्यानात घ्या. जुन्या वस्तादांनी माती जिवंत आणि मऊ ठेवण्याची काळजी घेतली, कारण अंग त्या मातीवर पडते.

आता शेडमुळे वाढणारा त्रास सांगतो. छपराखालच्या मातीला पाऊस लागत नाही, दहिवर लागत नाही. महिनाभरात तिचे पीठ होते. वीस पोरे धावली की धुळीचा लोट उठतो आणि छपराखाली तो कोंडतो. ती धूळ पोरांच्या छातीत जाते. म्हणून शेड असो वा नसो, सरावाच्या आदल्या संध्याकाळी झारीने किंवा फवारणीच्या पंपाने हलके पाणी मारावे. मात्र तणनाशकाचा किंवा औषधाचा पंप यासाठी कधीही वापरू नका. कितीही धुतला तरी नाही. शाळेसाठी वेगळा पंप ठेवा.

मग वारा

वाऱ्याचे दोन प्रकार ध्यानात घ्या. हिवाळ्याचा वारा बोचतो, उन्हाळ्याचा वारा उडवतो. लोक पहिल्यासाठी शेड बांधतात आणि दुसऱ्याला विसरतात.

हिवाळी वाऱ्याचा इलाज तुम्हाला पाठ आहे. केळीच्या बागेला आपण कडेने शेवरी लावतो. मैदानाच्या उत्तर आणि पूर्व-उत्तर अंगाला तशीच शेवरीची किंवा बांबूची दाट ओळ लावा. पहिली दोन वर्षे झाडे वर येईपर्यंत तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड उभा करा. आडोसा पूर्ण बंद भिंतीसारखा नको. भिंतीवर आपटलेला वारा वरून उसळून पलीकडे भोवरा करतो. विरळ आडोसा वारा गाळून घेतो आणि त्याचा जोर मोडतो.

भिंत नको म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. २०२४ साली मार्च आणि जुलै महिन्यांत आपल्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. पांगरा शिंदे परिसरातील जमिनीखालचे आवाज तर तालुक्यात सर्वांना माहीत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसे दगावली ती मुख्यत्वे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या भाराखाली. म्हणून पोरे खेळतात तिथे वारा अडवायला उंच, बिनआधाराची विटांची भिंत उभी करू नका. हलके छप्पर आणि झाडांचा आडोसा हेच बरे.

आता उन्हाळी वारा. मे महिन्यात वळवाच्या आधी जे वादळ सुटते त्याचा जोर किती असतो? ठोकळ हिशेब करू. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या वस्तूला दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो एवढ्या जोराने रेटतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. कबड्डीच्या मैदानासाठी २० बाय १५ मीटरचे छप्पर धरले तर ते ३०० चौरस मीटर झाले. म्हणजे सगळा मिळून जोर १४ टनांच्या घरात जातो. उलट पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. चारही बाजू उघड्या असलेल्या शेडमध्ये वारा खाली शिरतो आणि छप्पर वर उचलू पाहतो. आपण समजतो, खांबाचे काम छप्पर तोलून धरण्याचे. उघड्या शेडमध्ये खांबाचे दुसरे काम छप्पर खाली धरून ठेवण्याचे असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावी शाळेच्या मैदानावर लोकवर्गणीतून शेड उभी राहिली. गावाचे नाव सांगत नाही. पैसे कमी पडले म्हणून खांब दोन-अडीच फूट खड्ड्यात रोवले आणि पत्रे साध्या खिळ्यांनी ठोकले. उद्घाटनाला मीही गेलो होतो, हारही घातला होता. त्या वेळी खांबाचा खड्डा किती खोल असे मी विचारले नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वादळ आले आणि निम्मे छप्पर उचलले गेले. एक पत्रा दोन रानांपलीकडे विहिरीच्या काठावर सापडला. त्याची कड कोयत्यासारखी वाकली होती. उन्हाळ्याची सुटी होती म्हणून मैदानात कोणी नव्हते. हीच वावटळ जूनमध्ये शाळेच्या वेळी आली असती तर? तो प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही. आज हे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

मग पत्रा

आता तुम्ही विचाराल, की मग शेड बांधूच नये काय? तसे नाही. शेडची खरी गरज असलेल्या शाळा आहेत. कबड्डी आणि खो-खो हे मातीतले खेळ आता मोठ्या स्पर्धांत मॅटवर खेळले जातात. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली ती मॅटवरच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तोही छपराखाली, मॅटवर. त्यात भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे. खेड्यातली मुलगी वर्षभर मातीवर धावते आणि निवड चाचणीला गेली की पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवते. मातीवर पाय घसरत थांबतो, मॅटवर तो एकदम धरतो. सवय नसेल तर गुडघा पिरगळतो. चाचणीत ती हरते ती अंगात गुण नाही म्हणून नव्हे, तर पायाला ओळख नाही म्हणून. ज्या शाळेची मुले जिल्ह्याच्या पुढे जात आहेत तिला मॅट हवी आणि मॅट ऊन-पावसात टिकत नाही, म्हणून तिला छप्पर हवे. हे कारण मला पटते.

अशा शाळेने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

खेळ ठरवा, मग माप. कबड्डीला २० बाय १५ मीटरचे छप्पर पुरते. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटर असते, म्हणजे कबड्डीच्या तिपटीहून मोठे, त्याला खर्चही त्या मानाने. व्हॉलीबॉलला मैदानावर ७ मीटर मोकळी उंची लागते. सगळे खेळ एका छपराखाली आणण्याचा हट्ट धरला की पैसे अर्ध्यात संपतात.

दिशा. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. दक्षिण बाजू उघडी आणि उत्तरेला झाडांचा आडोसा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. डिसेंबरअखेर भर दुपारी पाच मीटर उंचीच्या वळचणीखालून ऊन साडेचार मीटर आत येते. मेच्या मध्यावर सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ते आत येत नाही. जुन्या लोकांनी घराला दक्षिणेकडे पडवी ठेवली ती उगाच नव्हे. सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिम टोकांकडून तिरपे ऊन डोळ्यांत येईल, तिथे गोणपाटाचे किंवा शेडनेटचे गुंडाळता येणारे पडदे लावा.

पाया. काळ्या मातीत दोन-अडीच फुटांचा पाया म्हणजे ओल्या भिंतीला चुना. माती फुगते-आकसते त्या थराच्या खाली पाया गेला पाहिजे. आपल्या खोल काळ्या रानात हा थर साडेतीन मीटरपर्यंत धरतात. यासाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने बुडाशी फुगीर गाठ असलेल्या खांबाची पद्धत विकसित केली. जमिनीत रोवलेला मुळा डोळ्यांसमोर आणा, फक्त फुगीर भाग खाली. ती गाठ जमिनीत अडकते, म्हणून खांब खचत नाही आणि वाऱ्याने उपटतही नाही. मुरूम वरच लागला तर काम सोपे होते. पण तुमच्या जागी काय आहे ते खड्डा घेऊन पाहा आणि पात्रताधारक स्थापत्य अभियंत्याकडून आराखडा सहीनिशी घ्या. गावातला वेल्डर कितीही हुशार असला, तरी सांधा जोडणे वेगळे आणि हिशेब करणे वेगळे.

पत्रा. खिळा नको. वायसर लावलेले बोल्ट किंवा स्क्रू घ्या. कडेच्या आणि कोपऱ्यांच्या पत्र्यांना जास्त लावा, कारण वारा कड धरून उचलतो. दरवर्षी एप्रिलमध्ये एक माणूस वर चढवून प्रत्येक बोल्ट आवळून घ्या. बैलगाडीचा आख आपण हंगामाआधी पाहतो तसे. थंडीत पहाटे पत्र्याच्या खालच्या अंगालाही थेंब धरतात हे गोठ्यात पाहिले असेल. छपराला चांगला उतार दिला की ते थेंब घरंगळून वळचणीला जातात, मॅटवर टपकत नाहीत.

पाणी. ३०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर १५ हजार लिटर पाणी येते. ते खांबाच्या बुडाशी ओतू दिले तर एका बाजूची माती फुगते आणि खांब कलतो. पन्हाळ लावा आणि नळाने पाणी लांब नेऊन गाळण खड्ड्यातून शाळेच्या बोअरला द्या. उन्हाळ्यात पोरांना प्यायला पाणी, हा शेडचा जादा नफा.

शेडनेट आणि पॉलीहाऊस यांबद्दल त्या मंडळींनी विचारले होते. शेडनेट दहिवर कमी करते आणि उन्हाचा ताप तोडते, पण पाऊस अडवत नाही. म्हणून मातीच्या मैदानाला चालेल, मॅटला नाही. लावलीच तर एप्रिलअखेर काढून गुंडाळून ठेवावी. पॉलीहाऊसचे प्लॅस्टिक मात्र खेळाला नको. चारी बाजू बंद केल्या की दिवसा आत भट्टी होते आणि रात्री घाम सुटून सकाळी थेंब गळतात. ते रोपांसाठी आहे, धावणाऱ्या पोरांसाठी नाही.

छपराखाली कोण राहणार?

शेवटचा मुद्दा लोखंडाचा नाही, आपल्या मनाचा आहे. वर ज्या गावाची गोष्ट सांगितली तिथे छप्पर उडाले ते दुसऱ्या उन्हाळ्यात. पण खेळ त्याच्या आधीच बंद पडला होता. ऑक्टोबरात कोणाचे तरी सोयाबीन "दोनच दिवस" म्हणून आत आले. मग दुसऱ्याचे आले. मार्चमध्ये शिजवलेली हळद आली. मधल्या काळात लग्नाच्या पंगती उठल्या. पोरे पूर्वीसारखी बाहेर भेगाळलेल्या जमिनीत खेळू लागली आणि छपराखाली पोती थाटात बसली.

मी कोणाला दोष देत नाही. तयार माल उघड्यावर असताना आभाळ भरून आले की शेतकऱ्याच्या पोटात काय होते, ते मला माहीत आहे. पण माल ठेवायला गोदाम मागा, त्यासाठी भांडा, मी तुमच्याबरोबर येतो. मुलांचे छप्पर घेऊ नका. म्हणून वर्गणीची पहिली पावती फाडण्याआधी ग्रामसभेत ठराव करा, की ही जागा शाळेच्या वेळेत आणि सरावाच्या वेळेत फक्त मुलांची. चावी मुख्याध्यापकांकडे. अपवाद कोणाचाही नाही, सरपंचाचाही नाही आणि समितीच्या अध्यक्षाचाही नाही.

त्याच ठरावात मुलींची वेळ लिहून टाका. हिवाळ्यात सहाला अंधारते. मुलांचा सराव आधी आणि मुलींचा मागून, अशी रीत पडली की महिनाभरात आईबाप मुलीला घरी बोलावून घेतात. त्यांचेही खरे असते. म्हणून संध्याकाळची पहिली पाळी मुलींची असावी. याला एक पैसा लागत नाही.

पैशांचे म्हणाल तर शासनाच्या क्रीडा विभागाकडे क्रीडांगण विकासासाठी अनुदानाची योजना असते. अटी आणि रकमा बदलत राहतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता हिंगोलीला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच शाळेला खेळाचे मैदान असावे असे सांगितले आहे. तेव्हा तुम्ही मागायला जाता ते उपकार म्हणून नव्हे.

त्या चार मंडळींना मी हे सगळे सांगितले. वडीलधारे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे साहेब, यंदा मुरूम, ताडपत्री अन् शेवरी. पुढच्या साली खड्डा घेऊन बघायचा. पैसे जमले तर तिसऱ्या साली शेड." मी म्हणालो, "बापू, तीस वर्षांत माझे म्हणणे इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते."

जाता जाता त्यांनी मनगट मोडलेल्या मुलीचे सांगितले. प्लास्टर महिनाभराने निघणार आहे. तोवर ती मैदानाच्या कडेला बसून गुण मोजते. ती परत धावायला उतरेल तेव्हा तिच्या पायाखाली घट्ट, कोरडी, चाळलेली माती असावी. सध्या एवढे जमले तरी गावाने पुष्कळ केले असे मी म्हणेन.

तुमच्या गावच्या शाळेत मैदानाचा विचार चालू असेल तर या रविवारी एक काम करा. पहार घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात एक खड्डा घ्या आणि मुरूम किती खाली लागतो ते पाहा. बाकीचे सगळे बोलणे त्यानंतर.